विश्लेषण : नवा हँडहेल्ड गेमिंग कन्सोल पहिल्याच दिवशी घ्यावा का?

एप्रिल २०२५ मध्ये जपानमध्ये निन्टेंडो कंपनीने ‘स्विच २’ या नव्या कन्सोलच्या विक्रीसाठी सोडत जाहीर केली. सोडतीत भाग घेण्यासाठीच अटी होत्या. अर्जदाराने जुन्या स्विचवर किमान ५० तास गेम खेळलेले असावेत आणि कंपनीच्या ऑनलाइन सेवेचे किमान वर्षभराचे सदस्यत्व घेतलेले असावे. इतक्या अटी घालूनही एकट्या जपानमधून सुमारे २२ लाख अर्ज आले. त्यातील मोठ्या संख्येने लोकांना पहिल्या फेरीत कन्सोल मिळणार नाही, असे कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांना आधीच सांगावे लागले. ५ जून २०२५ रोजी विक्री सुरू झाली आणि पहिल्या चार दिवसांत जगभरात ३५ लाखांहून अधिक कन्सोल विकले गेले. निन्टेंडोच्या इतिहासातील ही सर्वांत वेगवान विक्री ठरली.

एवढी झुंबड पाहिली की आपणही मागे राहू नये असे वाटते. पण हा खर्च सर्व धरून ५० हजार रुपयांच्या घरात जातो, त्यामुळे बहुतेक घरांत तो विचार करूनच करावा लागतो. नवा कन्सोल बाजारात येताच घ्यावा, की वर्षभर थांबावे? ‘थांबलो की स्वस्त मिळते’ हा जुना नियम अजून खरा आहे का? आणि भारतातील ग्राहकाला कोणती वेगळी काळजी घ्यावी लागते?

‘स्विच २’मध्ये नवीन काय?

मूळ स्विच मार्च २०१७ मध्ये आला. घरी टीव्हीला जोडून खेळायचे आणि बाहेर पडताना तोच कन्सोल हातात घेऊन खेळायचे, ही त्याची कल्पना होती. त्याची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली. नव्या कन्सोलमध्ये कल्पना तीच आहे, यंत्र मात्र बरेच वेगवान झाले आहे. स्क्रीन ६.२ इंचांवरून ७.९ इंचांची झाली आणि चित्राची स्पष्टता ७२० वरून १०८० पिक्सेलवर गेली. अंतर्गत साठवण ३२ जीबीवरून २५६ जीबी झाली. मूळ स्विचवरील बहुतेक गेम नव्या कन्सोलवर चालतात.

बॅटरीच्या बाबतीत मात्र प्रगती दिसत नाही. कंपनीच्या माहितीनुसार ‘स्विच २’ची बॅटरी गेमनुसार साधारण २ ते साडेसहा तास चालते. २०१७ च्या मूळ स्विचसाठी हाच आकडा अडीच ते साडेसहा तास होता. म्हणजे मुंबई-पुणे प्रवासात मोठा गेम खेळायचा, तर पॉवर बँक सोबत हवीच.

खोक्यावरची किंमत आणि खरा खर्च यांत फरक किती?

अमेरिकेत ‘स्विच २’ची किंमत ४५० डॉलर ठेवण्यात आली. विक्री सुरू झाली तेव्हाच्या दराने ते ३८ ते ३९ हजार रुपये होतात. पण नुसता कन्सोल घेऊन काहीच खेळता येत नाही. ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ या मुख्य गेमची स्वतंत्र किंमत ८० डॉलर होती. कन्सोलसोबत एकत्र घेतल्यास दोन्ही मिळून ५०० डॉलरला मिळत होते.

त्यानंतर मेमरी कार्ड. जुन्या स्विचमध्ये चालणारे साधे मायक्रोएसडी कार्ड नव्या कन्सोलमध्ये गेम साठवायला चालत नाही. त्यातून फक्त जुने फोटो आणि व्हिडिओ उतरवून घेता येतात. गेमसाठी मायक्रोएसडी एक्स्प्रेस प्रकारचेच कार्ड लागते आणि २५६ जीबीच्या अशा कार्डाला अमेरिकेत सुमारे ६० डॉलर पडत होते. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचे तर वर्षाला २० डॉलरचे सदस्यत्व आले. सगळे मिळून ४५० डॉलरचा कन्सोल ५८० डॉलरवर जातो, म्हणजे जवळपास ५० हजार रुपये. यात कर, वाहतूक आणि मध्यस्थाचा नफा धरलेला नाही.

शिवाय दुकानातून आणलेल्या गेमच्या डबीत पूर्ण गेम असेलच असे नाही. ‘स्विच २’चे काही गेम ‘गेम-की कार्ड’वर येतात. त्या कार्डात गेम नसतो, फक्त तो डाउनलोड करण्याची परवानगी असते. खेळताना कार्ड कन्सोलमध्ये असावे लागते आणि साठवणीतली जागाही खर्च होते. मेमरी कार्डाचा खर्च आज नाही तर सहा महिन्यांनी येतोच, तो यामुळे.

‘थांबा, स्वस्त होईल’ हा नियम कुठून आला?

हा नियम अनुभवातून आला आहे आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण निन्टेंडोचेच आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये जपानमध्ये आणि मार्चमध्ये अमेरिकेत ‘निन्टेंडो ३डीएस’ आला. चष्म्याविना त्रिमितीय चित्र दाखवणारा तो हँडहेल्ड होता. अमेरिकेतील किंमत होती २५० डॉलर. सुरुवातीला त्यावर खेळण्याजोगे मोठे गेम कमी होते. एप्रिल ते जून २०११ या तिमाहीत जगभरात जेमतेम ७ लाख १० हजार कन्सोल विकले गेले.

कंपनीने ऑगस्टमध्ये, म्हणजे पाच महिन्यांच्या आतच, किंमत १७० डॉलरवर आणली. जपानमध्ये ती २५ हजार येनवरून १५ हजारांवर आली. तत्कालीन अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःच्या वेतनात ५० टक्के कपात करून घेतली. आधी खरेदी केलेल्या ग्राहकांची नाराजी दूर करण्यासाठी त्यांना २० जुने गेम मोफत देण्यात आले. त्याच वर्षअखेरीस ‘सुपर मारिओ ३डी लँड’ आणि ‘मारिओ कार्ट ७’ हे मोठे गेम आले आणि कन्सोलची विक्री सुधारली. पुढे एकूण विक्री साडेसात कोटींच्या वर गेली. ज्याने नऊ महिने कळ काढली, त्याला कन्सोल ८० डॉलरने स्वस्त मिळाला आणि खेळायला गेमही मिळाले.

तो नियम आता का लागू होत नाही?

पूर्वी कन्सोल जुना होत गेला की त्याची चिप आणि सुटे भाग बनवणे स्वस्त होई आणि कंपन्या किंमत उतरवत. गेल्या काही वर्षांत हे गणित उलटले. अधिक प्रगत चिप बनवण्याचा खर्च पूर्वीसारखा झपाट्याने उतरत नाही. त्यात चलनातील चढउतार, महागाई आणि अमेरिकेचे आयात शुल्क यांची भर पडली. ‘स्विच २’ची अमेरिकेतील आगाऊ नोंदणी ९ एप्रिल २०२५ रोजी सुरू होणार होती. नव्या आयात शुल्काच्या घोषणेमुळे ती पुढे ढकलून २४ एप्रिलला सुरू करावी लागली. कन्सोलची किंमत तीच राहिली, पण जोडउपकरणे महागली.

याहून बोलके उदाहरण जुन्या स्विचचे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत आठ वर्षे जुन्या मूळ स्विचची किंमत ३०० वरून ३४० डॉलर झाली. ओएलईडी स्क्रीनचे मॉडेल ३५० वरून ४०० डॉलरवर गेले. घरगुती कन्सोलही याला अपवाद नाहीत. २०२० मध्ये ५०० डॉलरला आलेला प्लेस्टेशन ५ ऑगस्ट २०२५ मध्ये ५५० डॉलरचा झाला. त्याच वर्षी, त्याच किमतीला आलेला एक्सबॉक्स सिरीज एक्स ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६५० डॉलरवर पोहोचला. भारतातही प्लेस्टेशन ५ची किंमत नोव्हेंबर २०२२ मध्ये ४९,९९० रुपयांवरून ५४,९९० रुपये करण्यात आली होती. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून मागणी वाढल्याने मेमरी चिपही महागल्या. ही सगळी उपकरणे त्याच चिपवर चालतात.

त्यामुळे छापील किंमत उतरेल या एकाच आशेवर थांबणे आता शहाणपणाचे नाही. उतरेलच याची खात्री नाही आणि वाढण्याची शक्यता खरी आहे.

मग थांबून फायदा काय?

फायदा आहे, पण तो किमतीत कमी आणि इतर तीन गोष्टींत जास्त आहे.

पहिली गोष्ट गेमची. विक्रीच्या पहिल्या दिवशी ‘स्विच २’वर निन्टेंडोचा एकच मोठा नवा गेम होता, ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’. बाकी बहुतेक गेम इतर यंत्रांवर आधीच येऊन गेलेले होते. ‘डाँकी काँग बनान्झा’ जुलैमध्ये आला. ‘पोकेमॉन लेजंड्स : झेड-ए’ ऑक्टोबरमध्ये आणि ‘मेट्रॉइड प्राइम ४’ डिसेंबरमध्ये आला. यातले शेवटचे दोन जुन्या स्विचसाठीही उपलब्ध झाले. ज्याच्याकडे चालता स्विच आहे, त्याला त्यांच्यासाठी नवा कन्सोल घेण्याची घाई नव्हती.

दुसरी गोष्ट सुधारित आवृत्तीची. मूळ स्विच आल्यानंतर अडीच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, त्याच किमतीत नवी आवृत्ती आली आणि तिची बॅटरी साडेचार ते नऊ तास चालू लागली. व्हॉल्व्ह कंपनीचा ‘स्टीम डेक’ फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, तेव्हा ५१२ जीबीचे मॉडेल ६५० डॉलरला होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेवढ्याच साठवणीचे ओएलईडी मॉडेल ५५० डॉलरला आले. त्यात स्क्रीन आणि बॅटरी दोन्ही सरस होत्या. आसुसचा ‘आरओजी अ‍ॅलाय’ जून २०२३ मध्ये आला आणि जुलै २०२४ मध्ये दुप्पट क्षमतेच्या बॅटरीचा ‘अ‍ॅलाय एक्स’ आला. त्याची किंमत मात्र १०० डॉलरने अधिक होती.

तिसरी गोष्ट पहिल्या तुकडीतील दोषांची. मूळ स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरची कांडी न हलवताही पडद्यावरचे पात्र आपोआप सरकत असे. या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२० मध्ये फुरुकावा यांनी ग्राहकांची माफी मागितली. हा दोष काही महिन्यांच्या वापरानंतर दिसतो, पहिल्या दिवसाच्या परीक्षणात तो सापडत नाही. ‘आरओजी अ‍ॅलाय’मध्ये उष्णतेमुळे मेमरी कार्डचा खाचा नादुरुस्त होऊ शकतो, हे कंपनीने विक्री सुरू झाल्यानंतर मान्य केले. ‘स्विच २’ उघडून तपासणाऱ्या आयफिक्सइट या संस्थेने दुरुस्तीच्या सोयीसाठी त्याला १० पैकी ३ गुण दिले. बॅटरी गोंदाने चिकटवलेली आहे, हे त्यामागचे एक कारण. दुरुस्ती अवघड असेल, तर दोष समोर येईपर्यंत थांबण्याला किंमत असते.

कन्सोलच फसला तर?

ही शक्यताही गृहीत धरावी लागते. सोनीचा ‘प्लेस्टेशन व्हिटा’ डिसेंबर २०११ मध्ये जपानमध्ये आला. यंत्र म्हणून तो उत्तम होता. पण त्याला सोनीचेच खास मेमरी कार्ड लागे आणि ३२ जीबीच्या कार्डाची किंमत अमेरिकेत सुरुवातीला १०० डॉलर होती. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही, सोनीने स्वतःचे मोठे गेम आणणे हळूहळू थांबवले आणि २०१९ मध्ये उत्पादन बंद झाले. पहिल्या दिवशी घेणारा ग्राहक पुढे येणाऱ्या गेमच्या भरवशावर पैसे मोजत असतो. ते आले नाहीत तर हातात फक्त चांगली स्क्रीन उरते.

‘स्विच २’बाबत ही भीती लवकर ओसरली. सप्टेंबर २०२५ अखेरपर्यंत त्याची विक्री १ कोटी ३ लाखांवर गेली होती. इतके ग्राहक असलेल्या कन्सोलकडे गेम बनवणाऱ्या कंपन्या पाठ फिरवत नाहीत. पण हे कळायलाही चार महिने जावे लागले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

भारतातील ग्राहकाची अडचण वेगळी कशी?

निन्टेंडो भारतात कन्सोलची अधिकृत विक्री करत नाही. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा हिरापन्नासारख्या बाजारांत आणि ऑनलाइन विक्रेत्यांकडे मिळणारे कन्सोल परदेशातून आणलेले असतात. त्याचे तीन परिणाम होतात.

एक, किंमत विक्रेता ठरवतो. टंचाईच्या काळात तो मूळ किमतीवर घसघशीत रक्कम लावतो आणि पुरवठा सुरळीत झाला की ती कमी होते. म्हणून छापील किंमत जगात कुठेही उतरली नाही, तरी भारतातल्या ग्राहकाला पहिले काही महिने थांबण्याचा फायदा होऊ शकतो.

दोन, कंपनीचे सेवा केंद्र इथे नाही. बिघाड झाला तर ज्या देशातून कन्सोल आला तिथे पाठवणे किंवा स्थानिक कारागिराकडे नेणे, एवढेच मार्ग उरतात. दुकानदाराची वॉरंटी म्हणजे त्याचा शब्द असतो. तो बिलावर लिहून घ्यावा.

तीन, भारतासाठी निन्टेंडोचे ऑनलाइन दुकान नाही. खात्यावर दुसरा देश निवडून बहुधा गिफ्ट कार्डाने गेम घ्यावे लागतात.

परदेशातील भाऊ, बहीण किंवा मित्राकडून कन्सोल मागवणाऱ्यांसाठी एक इशारा महत्त्वाचा आहे. जपानमध्ये ‘स्विच २’ दोन प्रकारांत विकला गेला. ४९,९८० येनचा, म्हणजे साधारण ३० हजार रुपयांचा प्रकार फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्याला जपानमधील खातेच जोडता येते. इंग्रजीसह इतर भाषांत चालणाऱ्या प्रकाराची किंमत ६९,९८० येन होती. टोकियोहून येणाऱ्या नातेवाईकाला नुसते ‘येताना स्विच २ आण’ असे सांगितले आणि त्याने स्वस्तातला उचलला, तर भाषा बदलण्याची सोय नंतर मिळत नाही. येणाऱ्या प्रवाशाने सीमाशुल्काच्या मर्यादेचीही आधी खात्री करून घ्यावी. मर्यादेपलीकडील किमतीवर शुल्क भरावे लागते.

वापरलेला कन्सोल घेतानाही सावध राहावे लागते. चोरीचे गेम चालवलेल्या कन्सोलला निन्टेंडो ऑनलाइन सेवेतून कायमचे बाद करते. नवा मालक बदलला म्हणून बंदी उठत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी विक्रेत्यासमोर कन्सोल इंटरनेटला जोडून ऑनलाइन दुकान उघडते का, हे पाहावे.

अधिकृत पर्याय कोणते?

बिल, वॉरंटी आणि सेवा केंद्र हवे असेल, तर भारतात विंडोजवर चालणारे हँडहेल्ड अधिकृतपणे मिळतात. ‘आरओजी अ‍ॅलाय’ जुलै २०२३ मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आला होता. ‘अ‍ॅलाय एक्स’ची किंमत ८९,९९० रुपये होती. ही यंत्रे महाग आहेत, पण संगणकावर घेतलेले गेम त्यांवर चालतात आणि त्या गेमवर ऑनलाइन सवलती वारंवार मिळतात. ‘मारिओ’ किंवा ‘झेल्डा’ मात्र त्यांवर मिळत नाहीत. ‘स्टीम डेक’ भारतात अधिकृतपणे विकला जात नाही, त्यामुळे निन्टेंडोच्या कन्सोलबाबतच्या बहुतेक अडचणी त्यालाही लागू होतात.

निर्णय कसा घ्यावा?

सुरुवात गेमपासून करावी. या महिन्यात खेळायचाच आहे आणि दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर मिळत नाही, असा एक तरी गेम सांगता येतो का? सांगता आला, पूर्ण खर्चाची तयारी असली आणि बिघाडाचा धोका पत्करायचा असला, तर पहिल्या दिवशी घेण्यात चूक नाही. किंमत पुढे घटेल याची हमी नसताना, थांबून वाया जातात ते फक्त महिने. असा गेम सांगता येत नसेल, तर ओढ नव्या वस्तूची आहे आणि ती ओढ सहा महिन्यांनी बरीच ओसरते.

दुसरा हिशेब तासांचा. आठवड्याला तीन तास खेळणाऱ्याचे वर्षाला दीडशेच्या वर तास होतात. ५० हजारांचा खर्च धरला तर पहिल्या वर्षी तासाला सुमारे ३२० रुपये पडतात. हाच कन्सोल तीन वर्षे चालला तर, पुढच्या गेमचा खर्च सोडून, तासाला शंभराच्या आसपास. घरात दोघे-तिघे खेळणार असतील तर त्याहून कमी. आठवड्याचे तीन तास खरेच मिळतात का, याचे उत्तर फोनमधील ‘स्क्रीन टाइम’ पाहून प्रामाणिकपणे देता येते.

तिसरे, घरात आज काय आहे ते पाहावे. चालता स्विच आणि न संपवलेले चार गेम कपाटात असतील, तर घाईचे कारण नाही. जुना कन्सोल बंद पडला असेल किंवा पहिलाच घ्यायचा असेल, तर नवाच घेणे योग्य, कारण जुन्या कन्सोलची किंमतही वाढली आहे आणि त्याचे बहुतेक गेम नव्यावर चालतात.

ज्यांना यातले काहीच ठरवता येत नाही, त्यांनी पहिली दिवाळी जाऊ द्यावी. तोवर वर्षअखेरचे मोठे गेम समोर येतात, वापरकर्त्यांच्या तक्रारी जमा होतात आणि बाजारातली टंचाई कमी होऊ लागते. त्या वेळी घेतलेला कन्सोल छापील किमतीत कदाचित स्वस्त नसेल, पण त्यात आपण काय घेतो आहोत, हे नीट माहीत असेल.